कोट कोणत्या पोटाचा

मास्तरांनी आजवर किती पोटं लपवली, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपलांचं दुकान आणि घड्याळवाला यांच्या मधोमध त्यांचं शिलाईचं दुकान होतं. एक खांदा उतरलेला, पाठीला पोक आलेलं, मान आखूड, पोट पुढे, कसाही माणूस आत शिरावा आणि काही दिवसांनी नव्या कोटात ताठ मानेनं बाहेर पडावा. "वरचा कारागीर घाईत असतो," मास्तर म्हणत. "कुणाचा खांदा तिरका जातो, कुणाचं पोट सुटतं. मग आल्टरेशनला माणूस आमच्याकडे पाठवतो."

हे सांगताना त्यांचा हात आपसूक स्वतःच्या पोटावरून फिरे. तेही आल्टरेशनलाच आलेलं होतं.

संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की शेजारचा घड्याळवाला दोन ग्लास घेऊन येई. बाटली इस्त्रीच्या टेबलाखाली, अस्तराच्या गठ्ठ्यामागे असे. हा नेम इतक्या वर्षांचा होता की कधी सुरू झाला ते दोघांपैकी एकालाही आठवत नव्हतं. पहिला पेग दिवसभर वाकलेल्या पाठीसाठी, दुसरा पहिल्याला सोबत म्हणून, आणि तिसरा कशासाठी हे विचारायच्या अवस्थेत तेव्हा कुणी नसे. मग पुदिन्याची गोळी चघळत मास्तर सरळ रेषेत घरी जात. ही सरळ रेष त्यांच्या फार अभिमानाची होती. दारुडा म्हणजे गटारात पडणारा, बायकोचं सामान विकणारा, रस्त्यात गाणी म्हणणारा. मास्तर कधी पडले नव्हते, एकाही गिऱ्हाइकाची तारीख चुकली नव्हती, आणि गाण्याचं म्हणाल तर त्यांचा आवाज शुद्धीतसुद्धा कुणी ऐकून घेत नसे. "मी दारू पितो, दारू मला पीत नाही," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की एखाद्याने त्याला काज करून बटण लावावं.

दोनेक वर्षांपूर्वी कमरेचा घेर वाढायला लागला. आता दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याच्या पँटीने बोभाटा केला असता. बटण उडालं असतं, चेन अडकली असती, बायकोने बघितलं असतं, पोरं हसली असती. पण शिंप्याची पँट बोलत नाही. मास्तर दुपारच्या निवांत वेळी पँट काढून बसत, मागची शिवण उसवत आणि आत दाबलेलं कापड मोकळं करत. ते संपलं तेव्हा त्याच रंगाची पट्टी बेमालूम जोडली. दंड बारीक होऊन बाह्या लोंबायला लागल्या, त्या आत घेतल्या. मांड्या रोडावल्या, तिथंही टीप घातली. मोज्यांचे वळ घोट्यावर उठायला लागले, तेव्हा मोज्यांचं इलॅस्टिक काढून टाकलं. शरीर जे जे बोललं, त्याचं तोंड मास्तरांनी टाका घालून बंद केलं.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे आतली बंडी. जाड कॅनव्हासची, तीन पट्ट्यांची, पाठीशी बकल असलेली. ती घातली की पोट चार बोटं मागे सरकायचं. इतकी सुबक बंडी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला शिवून दिली नव्हती.

बायकोला वाटे, नवऱ्याच्या अंगाला लागतंय. "तुमचं आपलं बरं आहे," ती ताट उचलताना म्हणे. "खाता चिमणीएवढं आणि सुटता हत्तीसारखे. माझं उलटं."

"समाधानी माणसाला पाणीसुद्धा अंगी लागतं," मास्तर म्हणत. ते किती खरं बोलत होते, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यांची एकुलती मुलगी कॉलेज संपवून एका ऑफिसात फोन घ्यायला बसली होती. दोन वर्षं दुसऱ्यांचे निरोप घेऊन कंटाळली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "मी कटिंग शिकणार." मास्तरांनी तोंडाने, "अगं, यात काय ठेवलंय," असं म्हटलं आणि त्याच संध्याकाळी घड्याळवाल्याला आपल्या खर्चाने पाजली. आता ती शिवणशाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. अंतिम परीक्षेत पुरुषाचा कोट शिवायचा, तोही साच्यात न बसणाऱ्या अंगाच्या जिवंत माणसावर. त्या माणसाचं नाव आधी कळवायचं आणि परीक्षेच्या दिवशी त्यालाच कोट घालून उभं करायचं. वर्गातल्या मुली कुबडे काका आणि लठ्ठ मामा शोधत गावभर हिंडत होत्या.

"मला कुठे हिंडायची गरज नाही," ती म्हणाली. "घरातच नमुना आहे."

"बापाला नमुना म्हणतेस?"

"बाबा, तुमच्यासारखं अंग वर्गात कुणालाच मिळायचं नाही. पोटाने लठ्ठ, खांद्याने किडकिडीत. बाई खूश होतील."

मास्तर फुलून गेले. माप द्यायच्या दिवशी त्यांनी बंडी काढून अस्तराच्या गठ्ठ्यामागे, बाटलीशेजारी ठेवली. बायकोला फसवणं वेगळं आणि कापणाऱ्याला खोटं माप देणं वेगळं. दुसरं पाप त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. फक्त टेप पोटाला लागली तेव्हा श्वास आत गेला.

"सोडा," मुलगी म्हणाली.

"सोडलाय."

"बाबा, तुम्हीच शिकवलंय. माप घेताना माणूस नेहमी खोटं बोलतो म्हणून."

मास्तरांनी श्वास सोडला. तिने घेर वाचला, मग दंडाला टेप लावली आणि थबकली. "दंड कुठे गेले तुमचे?"

"तुझ्या फीमध्ये."

ती हसली. त्यांचे तळहात लालभडक दिसत होते, तेही तिने विचारलं. मास्तर म्हणाले, लाल खडूचा रंग आहे, जात नाही. दुकानातले सगळे खडू पांढरे आणि निळे होते.

महिन्याभराने तिने मांजरपाटाचा कच्चा कोट आणला. महागाच्या कापडाला कात्री लावायच्या आधी या स्वस्त कापडावर चूक करून घ्यायची असते. मास्तर बंडी न घालताच आरशापुढे हात पसरून उभे राहिले. तिने कोट चढवला, पुढे आली आणि दोन्ही कडा जुळवायला गेली. त्या जुळेनात. मध्ये चांगली चार बोटांची फट. बाह्या मात्र लटकत होत्या. तिने एकदा ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मग कापड सोडून मागे सरकली.

"टेप तिरकी धरली असणार मी," ती म्हणाली. "पोटाला घट्ट आणि दंडाला सैल. दोन्ही चुकलं."

इथे मास्तरांनी बोलायला हवं होतं. तिची टेप तिरकी नव्हती, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आत श्वास घेतला तेव्हा तिने पकडलं होतं. पण खरं बोलायचं तर पुढचं वाक्य आपोआप येणार होतं, आणि ते वाक्य अस्तराच्या गठ्ठ्यामागे ठेवलेलं होतं. मास्तर म्हणाले, "होतं गं असं. हात बसेपर्यंत."

तिने मांजरपाट घडी करून पिशवीत भरला. घरी जाऊन आईला म्हणाली, ऑफिसातली खुर्ची अजून रिकामी आहे का, विचारते. "ज्याला माप घेता येत नाही, त्याची बाकी सगळी कला फुकट. बाबाच म्हणतात."

बाबा म्हणत असत. बाबा बऱ्याच गोष्टी म्हणत असत.

संध्याकाळी घड्याळवाल्याला सगळं कळलं. ग्लास भरता भरता तो म्हणाला, "जाऊ दे. पोरीचा हात अजून कच्चा आहे, दुसरं काय."

स्वतः सुचवलेलं तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "तिचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे, कळलं?"

"मग कोट का बसला नाही?"

मास्तर तरातरा उठले. रागाच्या भरात पेग तेवढा संपवायचे विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून त्यांनी ट्रायलच्या खोलीला आतून कडी लावली, बनियन वर केला आणि स्वतःचं माप घ्यायला सुरुवात केली. शिंप्याला जगात एकाच माणसाचं माप घेता येत नाही. आकडा बघायला वाकावं तर टेप सरकते, न वाकावं तर पोटापलीकडचं काही दिसत नाही. आरशात बघावं तर आकडे उलटे. एका हाताने टेप, दुसऱ्याने आरसा, दातात बनियन, असे मास्तर त्या फळकुटांच्या खोलीत गोल गोल फिरले. शेवटी त्यांनी टेपेला चिमटीत धरून खूण केली आणि काढून वाचली. मुलीच्या मापाहून पोट चार बोटं पुढे गेलं होतं. दंड मापले, तर ते आणखी उतरलेले. जेवण तर चिमणीएवढं, मग हे चार बोटं आलं कुठून?

घोट्याला खाज आली म्हणून त्यांनी बोट दाबलं. बोट काढलं तरी तिथे खळगा तसाच राहिला. भिजवून ठेवलेल्या कणकेत बोट रुतवल्यासारखा. मास्तर तो खळगा भरून यायची वाट बघत स्टुलावर बसून राहिले. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक खाकरून परत गेलं.

घरी आले तेव्हा मुलगी ऑफिसात घालायच्या जुन्या ड्रेसला इस्त्री करत होती. बायको शेंगा मोडत बसली होती. मास्तरांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

"इस्त्री बंद कर," ते म्हणाले. "माप बरोबर होतं तुझं. माणूस चुकलाय."

"म्हणजे?"

त्यांनी शर्ट काढला, बनियन काढला. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी त्यांना असं कुणी बघितलं नव्हतं. काठीला घागर बांधावी तसं सगळं दिसत होतं. छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेघा, पोट ताणून चकचकीत झालेलं. "रोज बघितलं असतं तर तुम्हालाच कळलं असतं," ते म्हणाले. "मी कळू दिलं नाही. दुकान बंद झाल्यावर आम्ही बसतो ते तुम्हाला थोडं माहीत आहे. थोडं बसत नाही आम्ही."

बायकोने पिशवीतून बंडी काढली. उलटीपालटी केली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, बकलाजवळचे टाके डोळ्यांजवळ नेऊन बघितले. तीसुद्धा काज-बटणं करत म्हातारी झाली होती, तिला काम कळत होतं.

"किती सुंदर शिवलंय हो," ती म्हणाली.

तिने भांडं आपटलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्याची तयारी ते रस्ताभर करत आले होते.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं झोपवून, कलिंगड पिकलं की नाही बघतात तसं पोट टिचकी मारून ऐकलं, मग कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं. "रोज किती घेता?"

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे?"

मास्तरांनी चिमटीने एक माप दाखवलं. बाईंनी त्याच्या दुप्पट काहीतरी लिहिलं.

"मी एवढी नाही म्हणालो."

"सगळेच एवढीच म्हणतात. मी वाढवून धरते."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाने सांगितलेल्या कमरेत आम्हीही वाढवूनच धरतो."

तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, मग तिघांना समोर बसवून बाईंनी सांगितलं, "हे पोट चरबीचं नाही. आत पाणी साठलंय. दारू पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून यकृतात. तिला मोडीत काढायचं काम जवळजवळ सगळं त्याच्या गळ्यात. आधी त्यात चरबी साठते. तेव्हाच थांबलात तर ते पुन्हा धडधाकट होतं. नाही थांबलात तर सूज येते, आतल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या जागी व्रण धरतो. तुमच्या भाषेत रफू."

"रफू चांगलं असतं की," मास्तर म्हणाले.

"तुम्ही केलेलं असेल. हे गाठीगाठीचं असतं. सगळं कापड राठ होऊन जातं. मग रक्ताला त्यातून वाट मिळत नाही, मागे दाब वाढतो आणि पाणी पोटात झिरपतं. पायातही उतरतं. अन्न नीट वापरता येत नाही म्हणून शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. म्हणून दंड गेले. आणि छाती अशी भरली, कारण पुरुषाच्या अंगातली हार्मोन्ससुद्धा उलटीपालटी होतात."

मास्तरांनी शर्टाच्या छातीपाशी गेल्या वर्षी दोन बारीक चिमट्या घातल्या होत्या. एरवी तशा चिमट्या ते फक्त बायकांच्या ब्लाउजला घालत. तेव्हा त्यांना स्वतःच्या कल्पकतेचं कौतुक वाटलं होतं.

"पण दुखलं कसं नाही कधी?"

"यकृत फारसं दुखत नाही. मुकाट्याने काम करत राहतं. बोलायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो."

बायको खिडकीतून बाहेर बघत होती.

"आता?" मुलीने विचारलं.

"राठ झालेलं आहे ते बहुतेक तसंच राहणार. उरलेल्यावर बरीच वर्षं निभावता येईल, पण दारू पूर्ण बंद. थोडीशी नाही, पाहुण्याला सोबत म्हणूनही नाही. मीठ कमी, गोळ्या वेळेवर. आणि घरी बसून एकदम सोडायची नाही. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आजच दाखल व्हा."

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "परीक्षेपर्यंत पोट किती राहील?"

बाईंना कोटाची हकिकत सांगावी लागली. त्या हसल्या, पण नीट विचार करून बोलल्या. "तुम्ही सांगितलेलं पाळलंत तर पाणी बरंच उतरायला हवं. प्यायलात तर आणखी भरेल. कितीने, ते मी छापील सांगू शकत नाही."

वॉर्डातल्या त्या दिवसांबद्दल मास्तर पुढे फार बोलले नाहीत. हात असे थरथरत होते की सुईत दोरा ओवणं सोडाच, चमच्यातलं सूप तोंडात जायच्या आधी बनियनवर नक्षी काढून मोकळं होई. घामाने चादर भिजे. एका दुपारी त्यांनी नर्सला बजावलं, की तुमच्या बाहीचा मुंढा चुकलाय, कारागिराला माझ्याकडे पाठवा. नर्सने अर्ध्या बाह्यांचा सुटसुटीत गणवेश घातला होता आणि त्यात काही चुकलं नव्हतं. घड्याळवाला भेटायला आला, सफरचंदं ठेवली आणि पलंगाच्या कडेला अंग चोरून बसला.

"मी जरा कमी करावी म्हणतो," तो म्हणाला.

"पोट दाखव."

घड्याळवाला लगबगीने उठून गेला.

मास्तर घरी आले तेव्हा परीक्षेला दीड महिना उरला होता आणि खरी गोष्ट आता सुरू होत होती. मुलीने दुकानातल्या लांब टेबलावर गडद राखाडी रंगाचं लोकरीचं कापड अंथरलं. एकाच कोटापुरतं. आता कापलं नाही तर वेळेत शिवून व्हायचा नाही.

"बाबा," ती म्हणाली, "कोणत्या पोटावर कापू?"

"आजचं माप घे."

"आजचं पोट त्या दिवशी नसणार. कमी तरी होईल, नाहीतर जास्त."

"मग मार्जिन जास्त सोड. आम्ही काय करतो, आत तीन-चार बोटं दाबून ठेवतो, लागलं तर..."

"परीक्षेत चालत नाही. परीक्षक अस्तर उचलून बघतात."

"माणूस बदलता येत नाही का?"

"नाव गेलंय तुमचं." तिने कापडावरची एक चुणी हाताने सरळ केली. "आणि मला बदलायचाही नाही."

मास्तर टेबलाच्या कडेला टेकून उभे राहिले. दारू सोडेन असं त्यांनी कुणाला म्हटलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंपुढे मान हलवली होती. बायकोने शपथ मागितली नव्हती. मागितली असती तर लगेच दिली असती, तोंडाला काय लागतं? पण कापडापुढे त्यांना आजवर कधी खोटं बोलता आलं नव्हतं. एकदा कात्री फिरली की कापड पुन्हा जुळत नाही.

मुलीने खडू त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा कुठे कापायचं."

एरवी डोळे मिटून रेघ मारणारा हात. तो कापडावर आडवा झाला, थोडा बाहेरच्या बाजूला गेला, पुन्हा आत आला. एक मन म्हणत होतं, जास्त धर बाबा, तू स्वतःला ओळखतोस. मास्तरांनी त्या मनाला पुरतं ओळखलं होतं. संध्याकाळी शटर खाली ओढायला तेच पुढे असे. त्यांनी रेघ बरीच आत मारली. रेघ थरथरली होती, पण आतच होती.

मुलगी त्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता तुम्ही बाहेर जा."

"का?"

"कापताना मागे कुणी उभं राहिलेलं मला चालत नाही. हे पण तुम्हीच शिकवलंय."

मास्तर बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून कात्रीचा आवाज आला. लांब, सलग, कुठेही न अडखळणारा. पोरीचा हात पक्का होता, याबद्दल आता काहीच शंका उरली नाही. ती कुठून कापतेय, एवढंच कळत नव्हतं.

पुढचे दिवस मास्तरांनी पाण्याच्या हिशेबात काढले. गोळ्यांनी दिवसभर इतक्या फेऱ्या व्हायच्या, की गिऱ्हाइकाची एक बाही मापून दुसरी मापायच्या आत ते नाहीसे होत. बिनमिठाच्या जेवणाबद्दल ते म्हणत, "कागद खाल्ला तर त्याला शाईची तरी चव असते." डॉक्टरीणबाईंनी ताकद भरून यायला उकडलेली अंडी आणि दूध सांगितलं होतं, बायको ते समोर बसून संपवून घेई. झोप लागत नसे. संध्याकाळ झाली की तोंड कोरडं पडे आणि हात शटरकडे जाई. शटर आता बायकोच पूर्ण खाली ओढून घेई आणि दोघं गर्दीतून चालत घरी येत. या चालण्यात मास्तरांना कळलं, की आपली ती अभिमानाची सरळ रेष सगळ्या गल्लीला तोंडपाठ होती. चपलावाला बायकोला म्हणाला, "वहिनी, आता मास्तर वाकडे चालतात! आधी कसे मोजून पावलं टाकायचे." बायको इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मास्तरांनाही हसावं लागलं.

मधल्या ट्रायलला कोट पोटावर अजून जुळला नाही. फट थोडी होती, पण होती. मुलगी टाचण्या लावत राहिली. त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने खुशीने बाटली आणून ठेवली. मास्तर तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. कॉर्क काढून वाससुद्धा घेतला. मग त्यांनी शेजारी हाक मारली आणि बाटली घड्याळवाल्याच्या हातात दिली. त्यात काही थोरपणा नव्हता. टेबलावर टाचण्या लावलेला कोट पडला होता आणि बाटलीतलं पाणी त्या फटीत कुठे जाऊन बसणार, हे त्यांना एखाद्या शिवणीसारखं स्पष्ट दिसलं.

परीक्षेच्या दिवशी शिवणशाळेच्या मोठ्या खोलीत कुबडे काका आणि लठ्ठ मामा रांगेत उभे होते. मास्तरांची पाळी आली. मुलीने कोट चढवला, खांदे झटकले, बटण लावलं. बटण सहज लागलं. मास्तरांनी हळूच श्वास सोडून बघितला, तरी काही ताणलं नाही.

परीक्षक उंच, चष्मेवाले, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणारे गृहस्थ होते. त्यांनी खांदा बघितला, मुंढा बघितला, बाहीची पडण बघितली आणि हुंकार दिला. हुंकार चांगला होता. मग त्यांनी पुढचं बटण दोन बोटांनी धरून पुढे ओढलं. कोट पोटापासून चांगला सुटा झाला.

"हे काय?" ते म्हणाले. "बाकी सगळं चोख आणि पोटावर एवढं सैल? माप कुणी घेतलं?"

"मी," मुलगी म्हणाली.

"माणूस बघून कापायला हवं होतं."

"बघूनच कापलं, सर."

मास्तरांना तेव्हा समजलं. आपण मारलेली रेघ जिथे होती, तिथे आज आपलं पोट होतं. कोट त्या रेघेच्या दोन बोटं बाहेर होता. तिने ती रेघ बघितली होती, बापाकडे बघितलं होतं, बापाला बाहेर पाठवलं होतं आणि बाहेरच्या बाजूने कापलं होतं. परीक्षकांनी कागदावर मार्क कापले. मास्तरांच्या मनात आलं, चूक कुठे आहे यात? कोट पोटाला सैल असेल, माझ्या लौकिकाला तर अंगासरशी बसलाय.

पास झाली ती. चांगली पास झाली, पहिली मात्र आली नाही. बाहेरच्या व्हरांड्यात ती हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. बायकोने कोटात हात घालून बघितला. तिचा अख्खा पंजा आत मावला.

"मार्क गेले ना गं माझ्यामुळे," मास्तर म्हणाले.

"तुमच्यामुळे नाही, बाबा. माझा विश्वास बसला नाही म्हणून." ती ओशाळली. "आज घरी गेल्यावर लगेच आत घेते. तुमच्या रेघेवर."

मास्तरांनी बटण काढलं, पोटाकडे बघितलं. नुकतीच ओळख झालेल्या माणसाकडे बघावं तसं.

"माझ्या रेघेवर कशाला?" ते म्हणाले. "महिना जाऊ दे. मग टेप घेऊन ये, मला बनियनवर उभा कर, आणि जे येईल त्यावर शिव."